डोळ्यांतलं पाणी अडवताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या मराठीत डोळ्यांतल्या पाण्याला केवढा मान आहे पाहा. आनंद झाला की डोळे भरून येतात, दुःख झालं की टिपं गळतात, लेक सासरी निघाली की आसवांना खळ नसतो. आणि ज्याच्या डोळ्यांतून यातलं काहीच येत नाही, त्याला आपण ‘कोरडा माणूस’ म्हणून मोकळे होतो. कवींनी तर या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या संसार केला. मीही त्यातलाच. मराठीत गझल लिहिणाऱ्याचं आसवांवाचून आणि पापण्यांवाचून चालत नाही. पण हे पाणी येतं कुठून, डोळ्यावर थांबतं किती वेळ आणि शेवटी जातं कुठं, हे कवितेत कुणी विचारत नाही. मला ते विचारावं लागलं घरातल्या एका आजारपणामुळे. मी बी.ए. झालेला माणूस, शास्त्राशी माझी गाठ दहावीपर्यंतची. तेव्हा आज जे सांगणार आहे ते डॉक्टरकीच्या अधिकारानं नाही. डॉक्टरांच्या बाकड्यावर बरेच दिवस बसलेल्या नातेवाइकानं जे ऐकलं, विचारलं आणि नंतर वाचून पडताळून घेतलं, तेवढंच सांगतो.

विषय आहे कोरड्या डोळ्यांचा आणि त्यावर वापरल्या जाणाऱ्या एका इवल्याशा बुचाचा. तिळाहूनही लहान असलेलं हे बूच पापणीच्या आतल्या कोपऱ्यात बसवतात. डॉक्टर मंडळी त्याला ‘पंक्टल प्लग’ म्हणतात. त्याचं काम समजण्यासाठी आधी डोळ्याची नळयोजना समजून घ्यावी लागेल.

घरी गेल्यावर, किंवा घरीच असाल तर आत्ता, स्वच्छ हात धुऊन आरशासमोर उभे राहा. खालची पापणी नाकाकडच्या बाजूला हलकेच खाली ओढा. पापणीच्या कडेवर, अगदी आतल्या टोकाशी, टाचणीनं टोचल्यासारखा एक ठिपका दिसेल. तसाच एक वरच्या पापणीलाही असतो. दोन डोळ्यांचे मिळून चार. हे अश्रुछिद्र. त्याची रुंदी एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. साध्या भाषेत सांगायचं तर ही डोळ्याची मोरी आहे.

पाणी तयार होतं ते याच्या उलट बाजूला. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत, बदामाच्या आकाराची अश्रुग्रंथी असते. तिच्यातून पाणी झिरपतं. आपण पापणी मिटतो-उघडतो तेव्हा ते बुबुळावर सारवल्यासारखं पसरतं आणि जुनं पाणी आतल्या कोपऱ्याकडे ढकललं जातं. तिथल्या छिद्रांतून ते बारीक नळ्यांत शिरतं, नाकाशेजारच्या एका पिशवीत जमा होतं आणि तिथून नाकात उतरतं. म्हणूनच रडताना नाक वाहतं. म्हणूनच डोळ्यांत टाकलेल्या औषधाची कडू चव थोड्या वेळानं घशाशी लागते.

आज हे सोपं वाटतं, पण फार पूर्वी युरोपात अश्रू मेंदूतून झिरपतात अशी समजूत होती. निकोलस स्टेनो या डॅनिश तरुणानं १६६२ साली ग्रंथी आणि तिच्या नळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा पाण्याचा खरा पत्ता लागला. तो तेव्हा चोविशीतला होता. हाच स्टेनो पुढं खडकांच्या थरांकडे वळला आणि भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत गणला गेला. डोळ्यातलं आणि जमिनीतलं, दोन्हीकडचं त्यानं खोदून पाहिलं.

आता या पाण्याचं मोजमाप ऐका. एका डोळ्यावर एका वेळी साधारण सात मायक्रोलिटर अश्रू असतात. आपण बाटलीतून औषधाचा एक थेंब टाकतो, तो असतो चाळीस ते पन्नास मायक्रोलिटरचा. म्हणजे थेंबाच्या सहाव्या-सातव्या हिश्शावर आपली सगळी नजर चालते. आणि एक थेंब टाकला तरी त्यातला बराचसा गालावर किंवा मोरीतून नाकात जातो, हेही यावरून लक्षात येईल.

हे नुसतं पाणीही नाही. त्याच्या तळाशी श्लेष्म्याचा पातळ थर असतो. रंग देण्याआधी भिंतीला अस्तर देतात ना, तसा. त्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहतं. मध्ये खारं पाणी आणि सगळ्यांत वर तेलाची तवंगासारखी साय. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येतं. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्यानं १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या त्याच्या नावानं ओळखल्या जातात. तेलामुळे खालचं पाणी लवकर उडून जात नाही. ‘डोळ्यांत तेल घालून पहारा देणं’ हा वाक्प्रचार आपण जागरणासाठी वापरतो. निसर्ग मात्र ते तेल रोज खरोखरच घालत असतो. शिवाय या पाण्यात जंतू मारणारी द्रव्यं असतात. अलेक्झांडर फ्लेमिंगनं त्यातल्या लायसोझाइमविषयी १९२२ साली लिहिलं, म्हणजे पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. त्यासाठी त्यानं सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस घालून अश्रू गोळा केले होते. तुम्ही हा प्रयोग घरी करू नका.

डोळे कोरडे पडतात ते दोन वाटांनी. एक, विहिरीलाच पाणी कमी येतं. दुसरी, पाणी पुरेसं असतं पण तेलाची साय नीट नसल्यामुळे ते उडून जातं. पुष्कळ जणांत दोन्ही वाटा एकत्र आलेल्या असतात, आणि तेलग्रंथींचा बिघाड तर बहुतेकांत थोडाफार आढळतोच. पाणी कमी झालं की उरलेलं जास्त खारट होतं, त्यानं डोळ्याचा पृष्ठभाग दुखावतो, दाह सुरू होतो आणि दाहामुळे अश्रू आणखी बिघडतात. असं हे चक्र फिरत राहतं.

लक्षणं ओळखीची आहेत. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, आग होते, लाली येते, संध्याकाळपर्यंत पापण्या जड होतात. वाचताना अक्षरं अंधूक होतात आणि पापणी मिटून उघडली की पुन्हा स्पष्ट होतात. काहींच्या डोळ्यांतून तर सारखं पाणी वाहतं. कोरड्या डोळ्याला पाणी कसं, असं वाटेल. पृष्ठभाग सुकला की डोळा घाबरून ग्रंथीला हाक मारतो आणि एकदम लोंढा येतो. पण तो लोंढा वळवाच्या पावसासारखा. वाहून जातो, मुरत नाही.

कारणांची यादी मोठी आहे. वाढतं वय, स्त्रियांमध्ये पाळी जाण्याचा काळ, सर्दीच्या ॲलर्जीवरच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या, कॉन्टॅक्ट लेन्स, चष्म्याचा नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया, एसीचा किंवा पंख्याचा तोंडावर येणारा झोत. एरवी आपली पापणी मिनिटाला पंधराएक वेळा लवते. मोबाईल किंवा संगणकाकडे टक लावून बसलो की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं, आणि पापणी लवते तीही अर्धीच मिटते. लहान मुलांत अ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे डोळे सुकतात. ती गोष्ट वेगळी आणि तातडीची आहे.

हे सगळं मी शिकलो ते आमच्या आपामुळे. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीच्या आधी दोनेक वर्षांपासून तिचे डोळे चुरचुरायला लागले. घरातल्या सगळ्यांनी आपापलं निदान केलं. मुलगा म्हणाला मोबाईल कमी कर, सून म्हणाली चष्म्याचा नंबर वाढला असेल, शेजारणीनं गुलाबपाणी दिलं. औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांनी तासभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. मधल्या काळात भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना आणि सकाळी बोटांचे सांधे आखडायला लागले. या तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांची एकमेकांशी ओळख कुणी करून दिली नाही.

त्याच वर्षी आमची अम्मी गेली. घरात बायकांचा आकांत चालला होता. आपा उशाशी बसून होती. हुंदके येत होते, आवाज बसला होता, अंग थरथरत होतं. पण डोळ्यांतून थेंब नाही. डोळे लालबुंद आणि कोरडे. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एका नातेवाईक बाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “एवढी शिकलेली लेक, पण आईसाठी दोन टिपं गाळली नाहीत.” आपानं ते ऐकलं. तिनं उत्तर दिलं नाही. रात्री मला म्हणाली, “मी रडतेय रे. पाणीच येत नाही.”

पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांना मी हे वाक्य सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आपाला विचारलं, “तोंडही कोरडं पडतं का? सांधे दुखतात का?” मग त्यांनी गाळणकागदाची एक बारीक पट्टी तिच्या खालच्या पापणीत अडकवली. ही परीक्षा ऑटो शिर्मर या जर्मन डॉक्टरच्या नावाची. १९०३ सालापासून चालत आलेली. पाच मिनिटांत पट्टी किती मिलिमीटर भिजते ते पाहायचं. दहाच्या वर असेल तर ठीक, पाचाच्या खाली असेल तर पाणी कमी. आपाची एका डोळ्याची पट्टी दोन मिलिमीटर भिजली, दुसऱ्याची तीन. नंतर एक पिवळा रंग डोळ्यांत घालून, पापणी न मिटता अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फाटतो तेही पाहिलं. दहा सेकंदांच्या आत फाटणं चांगलं नसतं. तिचा लगेच फाटला.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, सांधेवाताच्या तज्ज्ञांकडे जाणं झालं आणि आजाराला नाव मिळालं: शोग्रेन सिंड्रोम. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ. १९३३ साली त्यांनी आपल्या प्रबंधात डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांची हकीकत मांडली. त्यांतल्या बऱ्याच जणींना सांधेदुखीही होती. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्थाच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. दहातल्या नऊ रुग्ण स्त्रियाच असतात. अशा माणसाला दुःख होतं, रडू येतं, पण ग्रंथी साथ देत नाही. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा आपानं पहिला प्रश्न विचारला तो उपचाराचा नव्हता. ती म्हणाली, “हे कागदावर लिहून द्याल का?”

आता त्या बुचाकडे येतो. आम्ही दुष्काळी पट्ट्यातली माणसं. पाऊस पाडता येत नाही, तेव्हा पडलेलं पाणी थांबवायचं, हे शहाणपण आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आमच्या गावातल्या भिंतींवर वर्षानुवर्षं होती. अश्रुछिद्रातल्या बुचामागे हाच विचार आहे, फक्त जिरवायचं नाही, नुसतं अडवायचं. ग्रंथी थोडंच पाणी देते ना? मग ते नाकात वाहून जाण्याआधी डोळ्यावर जरा जास्त वेळ थांबू द्या.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले डॉक्टर बीथम यांनी १९३५ साली विजेच्या चटक्यानं ही छिद्रं बंद करण्याचा उपाय मांडला. उपाय चालायचा, पण दार कायमचं बंद व्हायचं आणि नको असलं तर पुन्हा उघडणं अवघड. १९६१ साली ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ फाउल्ड्स यांनी नळीत जिलेटिनच्या विरघळणाऱ्या काड्या घालून पाहिल्या. आणि १९७५ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातले जेरी फ्रीमन यांनी सिलिकॉनचं छोटं बूच तयार केलं: आत बाणाच्या टोकासारखा भाग, म्हणजे ते निसटू नये, आणि वर चपटी टोपी, म्हणजे ते आत घसरू नये आणि हवं तेव्हा चिमट्यानं काढता यावं. चटक्यापेक्षा मोठी सोय ही, की निर्णय परत फिरवता येतो. आज वापरात असलेली पुष्कळ बुचं त्याच घडणीची आहेत.

जाती अनेक. कोलॅजनचं बूच काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत विरघळतं, ते चाचणीसाठी. दुसऱ्या एका द्रव्याचं काही महिने टिकतं. सिलिकॉनचं बूच काढेपर्यंत राहतं. काही बुचं छिद्राच्या तोंडाशी बसतात, त्यांची टोपी डॉक्टरांना दिसते. काही नळीच्या आत सरकवतात, ती बाहेरून दिसत नाहीत. हीच वाट औषधासाठीही वापरली जाऊ लागली आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी नळीत बसवायची, हळूहळू औषध सोडून विरघळणारी कांडी २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाली.

बूच बसवणं ही शस्त्रक्रियेच्या खोलीत करायची गोष्ट नाही. डोळा बधिर करणारा थेंब टाकतात, हनुवटी स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रावर टेकवायला सांगतात, छिद्राचं माप घेतात, लागलं तर ते किंचित रुंद करतात आणि बूच आत दाबतात. माप महत्त्वाचं, सैल बूच पडतं, घट्ट बूच टोचतं. आपाच्या दोन्ही डोळ्यांचं काम दहा मिनिटांत झालं आणि ती चालत बाहेर आली. साधारणपणे आधी खालच्या छिद्रांत बसवतात, गरज पडली तरच वरच्या.

पण या दहा मिनिटांच्या आधी चार महिने गेले होते. आजच्या बोलण्यात माझा भर आहे तो त्या चार महिन्यांवर. आपल्याकडे एक म्हण आहे: मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. कोरड्या डोळ्यांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरू शकते. पाणी मोरीतून कमी जातंय आणि वरून वाफ होऊन जास्त जातंय, अशी स्थिती असेल, म्हणजे तेलाची साय बिघडलेली असेल, तर नुसता बोळा लावून काय होणार? पापण्यांच्या कडा सुजलेल्या असतील, त्यांवर खपल्या असतील, तर आधी तो दरवाजा लावायला हवा. गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याचा पाच-दहा मिनिटं शेक, मग पापण्यांच्या कडांना हलका मसाज, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी सफाई. हे रोजचं, कंटाळवाणं काम आहे, आणि तेच बहुतेकांच्या उपयोगाचं असतं.

दुसरी गोष्ट दाहाची. डोळ्यावर दाह असेल तर तिथल्या पाण्यात दाह वाढवणारी द्रव्यंही असतात. तुंबलेल्या गटाराला बांध घातला तर घाणच साठेल. म्हणून पुष्कळ डॉक्टर आधी दाह शमवतात. आपाला त्यांनी सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले. हे औषध मूळचं अवयव-प्रत्यारोपणातलं. डोळ्यांच्या थेंबांच्या रूपात त्याला अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली. त्याचा गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. ते लागू पडल्यावर डॉक्टरांनी विरघळणारं बूच बसवून पाहिलं. डोळे ओले राहिले, पण गालावर ओघळले नाहीत. मग सिलिकॉनचं.

तिसरी गोष्ट आपण टाकत असलेल्या थेंबांची. बाटलीतलं औषध खराब होऊ नये म्हणून त्यात परिरक्षक द्रव्य घातलेलं असतं. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे त्यातलं नेहमीचं. वारंवार वापरलं तर तेच डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास देतं. मोरी बंद केल्यावर तर ते आणखी जास्त वेळ डोळ्यावर राहणार. म्हणून बूच बसवलेल्या माणसानं परिरक्षक नसलेल्या थेंबांविषयी डॉक्टरांना जरूर विचारावं. बुचामुळे थेंब संपतात असं नाही. त्यांची वारंवारता कमी होते. बूच पाणी तयार करत नाही, असलेलं राखतं.

ज्यांच्या डोळ्याला किंवा अश्रूंच्या पिशवीला जंतुसंसर्ग झालेला आहे, ज्यांची नाकाकडे जाणारी नळी आधीच तुंबलेली आहे, ज्यांना त्या द्रव्याचं वावडं आहे, त्यांच्यासाठी हे बूच नाही. आणि ज्यांना बसवलं आहे त्यांनाही अडचणी येतात. सगळ्यांत नेहमीची अडचण म्हणजे ते पडून जाणं. डोळे चोळायची सवय असेल तर हमखास. आपाचं एक बूच दीड महिन्यात हरवलं. पदराला लागून गेलं की तोंड धुताना, कळलंच नाही. पुन्हा बसवलं. काहींना टोपी टोचते, काहींचे डोळे सारखे पाणावतात, क्वचित बूच आत सरकतं आणि नळीला संसर्ग होतो. आतला कोपरा लाल झाला, सुजला, दुखायला लागला, पू आला, तर वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बूच स्वतः ढकलण्याचा किंवा काढण्याचा उद्योग करू नये. आणि कुठल्या जातीचं बूच कुठल्या छिद्रात, कुठल्या तारखेला बसवलं, हे कागदावर लिहून घ्यावं. आत सरकवलेलं बूच दिसत नाही. पाच वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरला ते तुमचा कागदच सांगेल.

हा उपाय किती खात्रीचा? इथं प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. जगभरचे वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं २०१७ साली बुचांविषयीच्या १८ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत सातशेहून थोडे अधिक लोक होते. निष्कर्ष असा, की काही जणांना फायदा होताना दिसतो, पण पुरावा एकसारखा नाही आणि ठामपणे सांगावं इतका भक्कम नाही. याचा अर्थ बूच निरुपयोगी आहे असा मी घेत नाही. कोरडे डोळे हे एका आजाराचं नाव नाही, अनेक आजार त्या एका नावाखाली राहतात. सगळ्यांना एकच बोळा लावून निघालेली सरासरी फार काही सांगत नाही. ज्याची विहीर आटली आहे, दाह शमला आहे आणि दरवाजा लावलेला आहे, त्याला ते उपयोगी पडण्याची शक्यता जास्त. म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. माझं पाणी कमी आहे की ते उडून जातंय? पापण्या आणि दाह यांचं काय केलं? आणि आधी विरघळणारं बूच बसवून पाहता येईल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

थोडं घरगुती उपायांविषयी. गुलाबपाणी, मध, कुठल्याशा झाडाचा चीक, असलं काही डोळ्यांत घालू नका. आमच्या घरांत सुरम्याचा रिवाज आहे. पारंपरिक सुरम्यात पुष्कळदा शिसं असतं, आणि शिसं शरीराला घातक. काजळ पापणीच्या कडेच्या आत भरलं तर तेलग्रंथींची तोंडं बुजू शकतात. आणि सगळ्यांत मोठा धोका औषधाच्या दुकानात आहे. “डोळ्यांची आग होतेय, काहीतरी द्या,” म्हटलं की कधीकधी स्टेरॉइडचे थेंब हातात येतात. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस ते महिनोन् महिने टाकत राहतो. त्यातून मोतीबिंदू होतो, काचबिंदू होतो. आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. चिठ्ठीशिवाय डोळ्यांचं औषध घेऊ नका, एवढं तरी आजच्या बोलण्यातून लक्षात ठेवा.

आपा आता सकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. पूर्वी दर अर्ध्या तासानं थेंब लागायचे, आता दिवसातून चार-पाच वेळा. पंख्याखाली बसत नाही, उन्हात बाजूनं झाकलेला चष्मा घालते, दर सहा महिन्यांनी बुचं दाखवून येते, सांध्यांच्या डॉक्टरकडेही जाते. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. तो आटोक्यात आहे. रडण्याचं पाणी अजूनही येत नाही. गेल्या वर्षी नातीच्या निकाहच्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ओठ घट्ट मिटून उभी होती. नातीनं तिचा हात धरला, कारण तिला माहीत होतं.

सगळ्यांनाच ते माहीत नसतं. म्हणून श्रोतेहो, एक विनंती. कुणाच्या मयतीला, कुणाच्या निरोपाला, एखादी बाई कोरड्या डोळ्यांनी बसलेली दिसली तर तिच्याबद्दल लगेच मत बनवू नका. तिच्या डोळ्यांत लाली आहे का पाहा. घास गिळताना तिला पाणी लागतं का, सकाळी बोटं आखडतात का, हे नंतर कधीतरी आपुलकीनं विचारा. उत्तर हो असेल तर तिला डॉक्टरकडे घेऊन जा, आणि तिन्ही तक्रारी एकाच वेळी, एकाच डॉक्टरसमोर सांगायला लावा. आपाच्या बाबतीत हे दोन वर्षं आधी झालं असतं तर तिचं बुबुळ कमी सोसलं असतं, आणि स्वयंपाकघरातलं ते वाक्य कुणाच्या तोंडून निघालंच नसतं.